चहाचं खोकं कोण वाजवणार? क्वारीमेनची केस

६ जुलै १९५७, शनिवार. लिव्हरपूलच्या वुल्टन भागात सेंट पीटर्स चर्चची वार्षिक जत्रा होती. तिकडे गार्डन फेट म्हणतात पण थाट जत्रेचाच, म्हणजे लॉऱ्यांची मिरवणूक, एका मुलीला गुलाबांची राणी करून मुकुट घालायचा, पोलिसांच्या कुत्र्यांच्या कसरती, लष्करी बँड, आणि त्यात कुठेतरी कोंबलेला गल्लीतल्या पोरांचा एक ग्रुप. नाव क्वारीमेन, शाळेच्या गाण्यातून उचललेलं. जॉन लेनन आणि एरिक ग्रिफिथ्स गिटारवर, रॉड डेव्हिस बँजोवर, कॉलिन हँटन ड्रम्सवर. ही चार वाद्यं दुकानातली. उरलेली दोन घरातली. पीट शॉटनकडे वॉशबोर्ड, म्हणजे कपडे घासायची खाचांच्या पत्र्याची फळी, आणि लेन गॅरीकडे चहाचं रिकामं खोकं.

त्या दिवशी जॉनला पॉल मॅकार्टनी भेटला आणि पुढे त्यातून बीटल्स कसे झाले ते सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यामुळे ते परत सांगत नाही बसत. मला केस बघायचीय ती फळीवाल्याची आणि खोकेवाल्याची. हे दोघे बँडमध्ये आले कसे आणि दीड वर्षाच्या आत दोघेही, शिवाय बँजोवाला आणि एक गिटारवालासुद्धा, बाहेर कसे पडले? साधारणपणे उत्तर मिळतं की स्किफलची फॅशन गेली, रॉक अँड रोल आलं, विषय संपला. ते खोटं नाहीये, पण त्यात वाद्याचा विचारच नाही. माझं म्हणणं असं आहे की खोकं आणि फळी ही आवाजासाठी घेतलेली वाद्यं नव्हतीच, ती मित्रासाठी राखून ठेवलेली जागा होती, आणि गाणं सिरियस झालं तशी जागा गेली.

आधी स्किफल म्हणजे काय ते उरकून घेऊ. शब्द अमेरिकेतला, १९२० च्या दशकातला. शिकागोत घरभाडं थकलं की घरातच पार्टी ठेवायची, वर्गणी घ्यायची, आणि वाजवायला जे असेल ते, या प्रकारच्या संगीताला तो शब्द चिकटला. त्याच्याही आधीपासून मेम्फिस आणि लुईव्हिलकडे जग बँड होते, दारूच्या मोठ्या मातीच्या जगमध्ये फुंकून बासचा आवाज काढायचे, ती सगळी कृष्णवर्णीय गरीब लोकांची कला. पुढे अमेरिकेत हा शब्द जवळपास विसरला गेला आणि १९५० च्या दशकात लंडनमध्ये उगवला. तिथे केन कॉलियर आणि ख्रिस बार्बरच्या न्यू ऑर्लिन्स पद्धतीच्या जॅझ बँडमध्ये फुंकणाऱ्यांना दम खायला मध्यंतर लागायचं, तेवढ्या वेळात दोन-तीन जण गिटार, डबल बास आणि वॉशबोर्ड घेऊन अमेरिकन लोकगीतं म्हणायचे. केनचा भाऊ बिल वॉशबोर्ड वाजवायचा आणि या मधल्या सेटला स्किफल हे नाव त्यानेच सुचवलं.

गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक होता लॉनी डोनेगन. खरं नाव अँथनी, जन्म ग्लासगोचा, लॉनी हे नाव ब्लूज गिटारिस्ट लॉनी जॉन्सनवरून घेतलेलं. १३ जुलै १९५४ ला बार्बरच्या बँडने डेक्कासाठी एक छोटी एलपी रेकॉर्ड केली, त्यात भरीला म्हणून दोन स्किफल गाणी टाकली. त्यातलं एक 'रॉक आयलंड लाइन'. हे गाणं जॉन लोमॅक्सने १९३४ मध्ये आर्कान्सामधल्या तुरुंगात कैद्यांकडून रेकॉर्ड केलं होतं, सोबत लेड बेली हा कृष्णवर्णीय लोकगायक होता, आणि त्याच्यामार्फत ते डोनेगनपर्यंत पोचलं. आता तारीख बघा. ब्रिटनमधलं रेशनिंग पूर्ण संपलं ४ जुलै १९५४ ला, म्हणजे युद्ध संपून नऊ वर्षांनी मांस एकदाचं मोकळं झालं, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी हे रेकॉर्डिंग. योगायोगच आहे, पण बोलका आहे. ज्या पोरांचं अख्खं बालपण कुपनवर गेलं, काही फेकायचं नाही, सगळं जपून ठेवायचं, त्यांच्या घरात अडगळ भरपूर आणि खिशात पैसे कमी, त्यांना हे संगीत सापडलं.

गाणं सिंगल म्हणून आलं १९५५ च्या शेवटी आणि १९५६ च्या सुरुवातीला टॉप टेनमध्ये गेलं, अमेरिकेतसुद्धा. डोनेगनला एकरकमी बिदागी मिळाली होती, रॉयल्टी शून्य. पण पोरांना त्याच्याशी काय देणंघेणं, त्यांना ऐकू आलं ते वेगळंच: तीन कॉर्ड, एक आरडाओरडा करणारा आवाज आणि मागे खर्र खर्र करणारी फळी. म्हणजे हे आपल्यालाही जमेल! आणि मग जे सुटलं ते सुटलं. ग्रुपांची संख्या कुणी मोजली नाही पण अंदाज सांगतात तो ३० ते ५० हजारांचा. लखनौत जन्मलेला हॅरी वेब, म्हणजे नंतरचा प्रसिद्ध गायक क्लिफ रिचर्ड, तोही आधी अशाच एका स्किफल ग्रुपमध्ये गायचा.

आता खोक्याकडे येऊ, कारण माझा जीव तिथे आहे.

तेव्हा चहा प्लायवूडच्या खोक्यांतून जायचा, आसामचा, दार्जिलिंगचा, सिलोनचा. साधारण दीड-दोन फुटी खोकं, कडांना पत्र्याची पट्टी, आतून चंदेरी कागद. चहा संपला की ब्रिटिश घरांत आणि घरसामान हलवणाऱ्यांकडे ही खोकी वर्षानुवर्षं वापरात असायची, त्यामुळे एखादं मिळवणं अवघड नव्हतं. त्याचा बास करायचा तो असा: खोकं पालथं घालायचं, वर आलेल्या बुडाच्या मधोमध भोक, त्यातून दोरी ओवून आत गाठ, दोरीचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याच्या वरच्या टोकाला, दांड्याचं खालचं टोक खोक्याच्या कडेवर टेकवायचं आणि एक पाय खोक्यावर. दांडा मागे ओढला की दोरी ताणते आणि सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. पडदे नाहीत, खुणा नाहीत, सगळं अंदाजाने.

तुणतुण्याची आठवण येते ना? मलाही आली, पण तुणतुणं एकाच सुरावर टुणटुणत राहतं, झीलकऱ्याला तेवढंच पुरतं. खरं जवळचं नातं चौंडक्याशी आहे. यल्लमाच्या जोगत्यांकडचं चौंडकं काखेत धरून एका हाताने तार ताणतात, दुसऱ्या हाताने छेडतात आणि ताण कमीजास्त करून ते बोलतं करतात, अगदी हीच युक्ती, फक्त चामड्याच्या जागी प्लायवूड. लिव्हरपूलच्या पोरांना चौंडकं ठाऊक असायचं काही कारण नाही, ती युक्ती माणसाला जागोजागी सुचलेली आहे.

हे नुसतं वाचून लिहायला नको म्हणून गेल्या मे महिन्यात मी स्वतः एक बनवलं. पहिला प्रयत्न आंब्याच्या पेटीवर, कारण ती घरात होती. साफ फसला. पेटीला फटी असतात, हवा कोंडतच नाही, दोरी छेडली तर 'टप्' एवढाच आवाज, जसं काही कुणी बंद दार बोटाने वाजवतंय. मग पेटीला आतून पुठ्ठा लावला, तर तो आवाज पिऊन टाकतो. चहाची खोकी आता मिळत नाहीत, चहावाला म्हणाला आता सगळा माल कागदी पोत्यात येतो. शेवटी मशिनचे पार्ट पॅक होऊन येतात तसलं प्लायवूडचं खोकं एका वर्कशॉपमधून आणलं, शंभर रुपये दिले, आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी लावली. नायलॉन ताणलं की ताणतच जातं, सूर धरला म्हणेपर्यंत घसरतो. सुतळी लावली ती दोन गाण्यांत तुटली आणि दांडा कपाळावर. परत नायलॉन, पण जाड. सर्वात मोठा फरक पडला तो एका विटेच्या तुकड्याने, खोकं जमिनीला चिकटून बसलं की आवाज आतच घुटमळतो, एका बाजूला वीट सरकवून जरा उचललं तर एकदम 'धूंम्' असा आवाज आला की खालच्या मजल्यावरचे काका वर बघायला आले.

पण मुख्य शोध हा नव्हे. मुख्य शोध असा की सूर चुकला तरी चालतो. मी मोबाईलवर गाणं लावून वाजवत होतो, नव्वद टक्के सूर भलतेच लागत होते आणि तरी बरं वाटत होतं, कारण एवढ्या खालच्या आवाजात कानाला सुरापेक्षा ठोका जास्त कळतो. ठोका वेळेवर पडला की झालं. म्हणजे ज्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही पण पायाने ठेका धरता येतो, अशा कुणालाही हे वाद्य देता येतं. वॉशबोर्डचंही तेच, बोटांत शिंप्याची अंगुस्तानं घालायची आणि खाचांवरून खरवडायचं. चांगलं वाजवणारे अर्थात असतात, 'रॉक आयलंड लाइन'वर वॉशबोर्ड वाजवणारी बेरिल ब्रायडन ऐका, ती नुसती खरवडत नाही. पण कामापुरतं कुणालाही पाच मिनिटांत येतं.

आणि इथे क्वारीमेनची खरी रचना दिसते. जॉनने १९५६ मध्ये ग्रुप काढला तो संगीतकार गोळा करून नाही, टोळी होती तिलाच वाद्यं वाटून. पीट शॉटन त्याचा जिगरी दोस्त, लहानपणापासूनचा. पीटला संगीताची आवडही नव्हती, येतही नव्हतं, हे तो स्वतःच नंतर सांगायचा. पण पीटशिवाय जॉन कुठे जाणार? मग त्याला फळी. खोक्याचा तर रांगेने कारभार चालला. आधी बिल स्मिथ, मग कधी नायजेल वॉली, कधी आयव्हन वॉन, शेवटी लेन गॅरी. गिटार अशी हातोहात फिरवता येत नाही, खोकं येतं. आज हा आला नाही, तू उभा राहा. आपल्याकडे गल्लीच्या क्रिकेटमध्ये एक जण नुसता बॉल आणायला असतो तसं, फक्त इथे तो स्टेजवर दिसतो.

गिटार असलेल्यांचीही अवस्था काही फार उजेडाची नव्हती. जॉनची गिटार गॅलोटोन चॅम्पियन, दक्षिण आफ्रिकेतली स्वस्त, आत चिठ्ठी चिकटवलेली की फुटणार नाही याची हमी. अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर तेव्हा बंदी होती त्यामुळे चांगलं वाद्य बघायला मिळणंच दुर्मिळ. आई ज्युलियाला बँजो यायचा म्हणून तिने बँजोच्या कॉर्ड शिकवल्या, आणि जॉन गिटार बँजोसारखी लावून वाजवायचा. म्हणजे थोडक्यात सगळा ग्रुप एकाच पातळीवर, कुणी कुणाला नावं ठेवायची सोय नाही. हे फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. सगळेच कच्चे असले की खोकेवाला उठून दिसत नाही.

६ जुलैला हा समतोल बिघडला. दुपारचा कार्यक्रम झाला, संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये डान्स होता, तिकीट दोन शिलिंग. त्या मधल्या वेळात आयव्हन वॉन आपल्या शाळेतल्या मित्राला घेऊन आला. हा तोच आयव्हन, खोक्याच्या रांगेतला! मित्र पॉल, पंधरा वर्षांचा. त्याने गिटार घेतली, एडी कॉक्रनचं गाणं सगळ्या शब्दांसकट म्हणून दाखवलं, आणि, माझ्या मते ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी घटना, गिटार ट्यून करून दाखवली. या पोरांना ते येत नव्हतं, ट्यून करून घ्यायला दुसऱ्या कुणाकडे जावं लागायचं. दुपारी जॉन 'कम गो विथ मी' म्हणताना शब्द आठवत नव्हते तर स्वतःचे घालून म्हणत होता, आणि पॉलला ते ऐकूनच तो आवडला म्हणे. पण ग्रुपमध्ये कोणाला घ्यायचं यावर जॉनने नंतर बराच विचार केला, स्वतःपेक्षा चांगला वाजवणारा आत घेतला तर ग्रुप सुधारेल पण आपलं स्थान काय राहील? घेतला. एकदा ट्यून केलेली गिटार ग्रुपमध्ये आली की बाकीचं सगळं बेसूर ऐकू यायला लागतं.

संध्याकाळच्या डान्सचं एका माणसाने ग्रुंडिगच्या टेपवर रेकॉर्डिंग केलं होतं, १९९४ मध्ये लिलावात ते ७८,५०० पौंडांना गेलं. त्यात जॉन दोन गाणी म्हणतो, एक डोनेगनचं आणि एक एल्व्हिस प्रेस्लीच्या, म्हणजे रॉक अँड रोलच्या, वळणाचं. डोनेगनचं ते गाणं त्या आठवड्यात ब्रिटनमध्ये एक नंबरला होतं, आणि १२ जुलैला, म्हणजे सहाच दिवसांनी, ती जागा एल्व्हिसने घेतली. एका टेपवर दोन्ही बाजू. ऑगस्टमध्ये ग्रुप कॅव्हर्नमध्ये वाजवायला गेला, तो तेव्हा जॅझ क्लब होता आणि स्किफल कसंबसं चालवून घ्यायचे, जॉनने एल्व्हिस सुरू केला तर मालकाने स्टेजवर चिठ्ठी पाठवली, सभ्य भाषेत सांगायचं तर, रॉक अँड रोल बंद करा.

मग गळती. पीटचं आधी झालं आणि झालं ते नाटकीच. एका पार्टीत दोघेही प्यायलेले, पीटने सांगितलं की मला हे नको आहे, जॉनने ती फळी उचलली आणि त्याच्या डोक्यात हाणली. पत्रा निघून फ्रेम गळ्यात हार घातल्यासारखी. दोघेही हसून लोळले आणि प्रश्न मिटला. मला ही गोष्ट क्रूर वाटत नाही, उलट सगळ्यांत प्रामाणिक वाटते, फळी होती तोवर पीटला बँडमध्ये राहणं भाग होतं, फळी फुटली आणि मैत्री मोकळी झाली. ती मैत्री जॉन जाईपर्यंत टिकली. रॉड डेव्हिस अभ्यासाकडे वळला, तसंही रॉक अँड रोलमध्ये बँजोला विचारतो कोण. १९५८ च्या सुरुवातीला जॉर्ज हॅरिसन आला आणि गिटारवाले चार झाले. एरिक ग्रिफिथ्सला सांगितलं की तू इलेक्ट्रिक बास घे, त्याला तो परवडणारा नव्हता, आणि एक दिवस प्रॅक्टिसचं बोलावणंच आलं नाही. तो मर्चंट नेव्हीत गेला. लेन गॅरीला त्याच वर्षी मेंदूज्वर झाला, क्षयाचा, कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये, आणि तो परत आलाच नाही. म्हणजे खोकेवाल्याला कुणी काढलं नाही हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्याच्या जागी दुसरा खोकेवाला शोधला का? नाही. वर्षापूर्वी एक दिवसाचा खाडा पडला तरी दुसरा उभा राहायचा. १२ जुलै १९५८ ला लिव्हरपूलमध्ये पर्सी फिलिप्सच्या घरच्या स्टुडिओत त्यांनी पहिली तबकडी कापून घेतली, त्यात तीन गिटार, पियानो, ड्रम्स. बास नाहीच.

आता कुणी म्हणेल की हे सगळं फॅशन बदलल्यामुळेच, तुझी जागेबिगेची थिअरी कशाला. मान्य, थोडं आहेच. शिवाय सक्तीच्या लष्करी नोकरीतून १ ऑक्टोबर १९३९ नंतर जन्मलेली पोरं सुटली, त्यामुळे या वयाचे ग्रुप ऐन भरात फुटले नाहीत, पुढे शिकत राहिले, पैसे साठवून हप्त्याने गिटारी घेत राहिले. म्हणजे जे टिकले ते सुधारणारच होते. पण मग जानेवारी १९६० चं काय करायचं? जॉनला आर्ट कॉलेजमध्ये नवा जिगरी दोस्त मिळाला होता, स्टुअर्ट सटक्लिफ, चित्रकार. त्याचं एक पेंटिंग विकलं गेलं आणि त्या पैशांच्या जोरावर जॉन-पॉलने त्याला होफनरचा बास घ्यायला लावला. त्याला वाजवता येत नव्हतं. एक अक्षर नाही. पण दिसायला भारी, दोस्त म्हणून हवा, आणि बासची जागा रिकामी. म्हणजे खोकं जाऊन दुकानातलं चकचकीत वाद्य आलं तरी खुर्ची तीच, मित्राची. पुढे ग्रुप जर्मनीत हँबुर्गला वाजवायला गेला, तिथे पॉलला ते खटकायला लागलं, शेवटी १९६१ मध्ये स्टुअर्ट चित्रकलेकडे परत गेला आणि बास पॉलने घेतला. तिथून पुढे बास ऐकण्यासारखा झाला हे तुम्हालाही माहितीय. माझ्या लेखी खोक्याची केस खरी बंद झाली ती तेव्हा.

त्यात भावुक व्हायचं कारण नाही. पॉलने बास घेतला नसता तर आपण आज वुल्टनच्या जत्रेबद्दल बोलत नसतो. पण त्या ३०-५० हजार ग्रुपांपैकी बहुतेकांमध्ये पॉल कधी आलाच नाही, तिथे खोकेवाला शेवटपर्यंत खोक्यावरच राहिला, कुणीतरी लग्न केलं, कुणी गोदीत लागला, खोकं परत माळ्यावर.

१९९७ मध्ये जत्रेला चाळीस वर्षं झाली म्हणून जुने क्वारीमेन वुल्टनमध्ये परत जमले. शॉटन, गॅरी, डेव्हिस, ग्रिफिथ्स, हँटन, म्हणजे त्या दुपारच्या स्टेजवरचे जॉन सोडून सगळे, साठीच्या आसपासचे. वाजवायला लागले, लोकांना आवडलं, मग त्यांनी अल्बमही काढला आणि पुढे वर्षानुवर्षं देशोदेशी कार्यक्रम करत राहिले. स्किफलच वाजवत होते.

माझं खोकं अजून गॅलरीत आहे. आईने त्यात कांदे ठेवलेत, दोरी मात्र काढू दिली नाही मी.